मार्क्सला द्वंद्वाचं आव्हान देणारा माणूस काउंटी ऑडिटर कसा झाला?

प्रश्न: कार्ल मार्क्सचा एक जर्मन साथीदार अमेरिकेत गेला, यादवी युद्धात लढला आणि पुढे तिथल्या एका काउंटीचा ऑडिटर झाला, असं वाचनात आलं. हे खरं आहे का? क्रांती करायला निघालेला माणूस सरकारी खुर्चीत कसा जाऊन बसला? आणि मार्क्सचं त्यावर काय म्हणणं होतं?

उत्तर:

खरं आहे. फक्त असा माणूस एक नाही, दोन होते, आणि नेटवर त्यांची सर्रास सरमिसळ होते. एक ऑगस्ट विलिख, ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीचा. दुसरा योसेफ वायडेमायर, मिझुरीतल्या सेंट लुईसचा. दोघे प्रशिया या जर्मन राज्याच्या तोफखान्यातले माजी अधिकारी, दोघे मार्क्स-एंगेल्सच्या कम्युनिस्ट लीग या क्रांतिकारक संघटनेचे सभासद, दोघे १८५०च्या दशकात अमेरिकेत पोचलेले, दोघे उत्तरेच्या बाजूने लढलेले आणि दोघेही पुढे आपापल्या काउंटीचे ऑडिटर म्हणून निवडून आलेले. फरक असा की वायडेमायर मार्क्सचा शेवटपर्यंत मित्र राहिला, तर विलिखने मार्क्सला पिस्तुलाच्या द्वंद्वाचं आव्हान दिलं होतं. त्यामुळे त्याला ‘साथीदार’ म्हणायचं तर जरा जपूनच.

एकोणिसाव्या शतकातला युरोप शिकवताना मी विलिखचं उदाहरण नेहमी घेतो. राजेशाहीविरुद्धची १८४८ची युरोपातली क्रांती फसल्यावर पळालेल्या माणसांचं पुढे काय झालं, हे त्याच्या एका आयुष्यात जितकं स्वच्छ दिसतं तितकं चार पाठ्यपुस्तकांत दिसत नाही. म्हणून हे उत्तर मुख्यतः त्याच्याबद्दल आहे. वायडेमायरकडे शेवटी येतो.

विलिखचा जन्म १९ नोव्हेंबर १८१० रोजी पूर्व प्रशियातल्या ब्राउन्सबर्ग गावी झाला. ते गाव आज पोलंडमध्ये आहे, नाव ब्रानिएवो. घराणं जमीनदार-सरदारी वळणाचं, नावात ‘फॉन’ असलेलं. वडील तो अगदी लहान असताना गेले आणि पोर बर्लिनला नातेवाइकांकडे वाढलं. हे नातेवाईक म्हणजे प्रसिद्ध धर्मतत्त्वज्ञ श्लायरमाखर. बाराव्या वर्षी पॉट्सडॅमची कॅडेट शाळा, १८२८ला तोफखान्यात लेफ्टनंट, मग कॅप्टन. आयुष्यभराची सोय झालेली होती.

ती त्याने स्वतःच्या हाताने मोडली. फ्रिट्झ आनेके नावाच्या एका सहकारी अधिकाऱ्याला त्याच्या मतांपायी सैन्यातून काढलं, तेव्हा विलिखने राजाला असं खरमरीत पत्र लिहिलं की राजीनामा मंजूर व्हायच्या ऐवजी त्याच्यावर लष्करी खटलाच उभा राहिला. अखेर १८४७मध्ये तो बाहेर पडला आणि कोलोनमध्ये सुतारकाम शिकला. कॅप्टनचा सुतार होणं ही त्या काळच्या प्रशियात नुसती गरिबी नव्हती, अधिकारी वर्गाच्या तोंडावर मारलेली ती चपराक होती. आणि विलिखलाही ती तशीच मारायची होती.

३ मार्च १८४८ला कोलोनच्या नगरपालिकेवर जो कामगारांचा मोर्चा गेला, त्याच्या पुढाऱ्यांत विलिख होता. अटक झाली, पण काही दिवसांतच बर्लिनमध्ये उठाव झाला आणि माफी मिळून तो सुटला. एप्रिलमध्ये नैऋत्य जर्मनीतल्या बाडेनच्या उठावात, तो फसल्यावर फ्रान्समध्ये बेझाँसोंला निर्वासित कामगारांची तुकडी बांधण्यात, आणि १८४९च्या उन्हाळ्यात पुन्हा बाडेन-पॅलटिनेटच्या लढाईत. या लढाईत त्याचा अॅडज्युटंट, म्हणजे मदतनीस अधिकारी, कोण होता? मार्क्सचा जिवलग सहकारी फ्रीडरिख एंगेल्स. जुलैमध्ये ही तुकडी लढत लढत सरहद्द ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये गेली. त्यानंतर एंगेल्सने मार्क्सच्या बायकोला पत्र लिहिलं, त्यात विलिखबद्दल दोन वाक्यं आहेत. त्यांचा मथितार्थ असा: लढाईत शूर, थंड डोक्याचा, हुशार, लढाई नसली की थोडा कंटाळवाणा तत्त्वज्ञ. माझ्या मते विलिखबद्दल इतकं नेमकं पुढे कोणीही लिहिलं नाही.

पुढे लंडनमध्ये, तिथेच निर्वासित म्हणून राहणाऱ्या मार्क्सशी त्याचं बिनसलं. मार्क्सचं म्हणणं होतं की क्रांती मागवून येत नसते. कामगारांना राज्य करण्यालायक व्हायला पंधरा, वीस, पन्नास वर्षांचा झगडा करावा लागेल. विलिखला ते पळपुटेपणाचं वाटत होतं. फौज जमवा आणि आत्ताच घुसा, हा त्याचा धोशा. सप्टेंबर १८५०मध्ये लीग फुटली ती यावरूनच. त्याआधी वाद इतका चिघळला की विलिखने मार्क्सला द्वंद्वाला बोलावलं. मार्क्सने नकार दिला, पण कोनराड श्राम नावाच्या त्याच्या तरुण पाठीराख्याने मुद्दाम विलिखचा अपमान करून ते आव्हान अंगावर ओढून घेतलं. इंग्लंडमध्ये द्वंद्वाला बंदी, म्हणून सगळी मंडळी बेल्जियमला गेली. विलिख मुरलेला नेमबाज. श्रामने पिस्तूल धड हाताळलेलंही नसावं. दुसऱ्या दिवशी विलिखचा साक्षीदार बार्थेलेमी मार्क्सच्या घरी आला, ‘श्रामच्या डोक्यात गोळी आहे’ एवढंच सांगून, वाकून नमस्कार करून निघून गेला. घरच्यांनी श्रामची आशा सोडली. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या डोक्याला पट्टी बांधून हसत दारात हजर. गोळी चाटून गेली होती. (बार्थेलेमीला मात्र पुढे १८५५मध्ये लंडनमध्येच खुनाबद्दल फाशी झाली.)

विलिखची इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, कारण मार्क्सच्या प्रत्येक चरित्रात ती येते. तिथे विलिख म्हणजे तापट, पोकळ, हास्यास्पद माणूस. मार्क्सने त्याच्यावर एक अख्खी उपरोधिक पुस्तिका लिहिली. आपल्याकडच्या डाव्या वर्तुळातही त्याची ओळख असलीच तर तेवढीच. पण ती पुस्तिका बाहेर आली तेव्हा विलिख लंडन सोडून अमेरिकेला पोचला होता.

१८५३मध्ये न्यूयॉर्कला उतरला आणि ब्रुकलिनच्या नौदल गोदीत पुन्हा सुतार म्हणून लागला. गणित पक्कं असल्याचं कोणाच्या तरी ध्यानात आलं आणि समुद्रकिनारा मोजणाऱ्या सरकारी खात्यात, कोस्ट सर्व्हेमध्ये, काम मिळालं. १८५८मध्ये न्यायाधीश स्टालो यांनी त्याला सिनसिनाटीला बोलावून जर्मन कामगारांच्या वर्तमानपत्राचा संपादक केलं. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या शहरात आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

१८६०मध्ये सिनसिनाटीची वस्ती १ लाख ६१ हजारांच्या घरात होती आणि दर चार माणसांत एकाहून जास्त जर्मनीत जन्मलेली. कालव्याच्या उत्तरेच्या भागाला लोक ‘ओव्हर द ऱ्हाइन’ म्हणत, आजही म्हणतात. कालवा ओलांडला की ऱ्हाइन ओलांडली, मग पलीकडे जर्मन पाट्या, जर्मन शाळा, जर्मन बिअर आणि जर्मन वर्तमानपत्रं. या वस्तीची ताकद तिच्या मंडळांत होती, विशेषतः टर्नर मंडळांत. टर्नर म्हणजे व्यायामशाळा, पण तिथे जोर-बैठकांबरोबर राजकारणही होई. आपल्याकडच्या स्वातंत्र्यपूर्व काळातल्या आखाड्यांची आठवण व्हावी, अशी ती जागा. सिनसिनाटीचं टर्नर मंडळ १८४८मध्येच, बाडेनच्या उठावातून आलेल्या हेकरच्या पुढाकाराने निघालं होतं. म्हणजे विलिख परक्या गावात आला नव्हता. त्याची अर्धी पलटण आधीच तिथे येऊन बसली होती. डिसेंबर १८५९मध्ये गुलामगिरीविरोधी जॉन ब्राउनला फाशी दिल्यावर इथल्या जर्मन कामगारांनी सभा घेतली. त्या सभेत विलिख बोलला आणि कृष्णवर्णीय शिक्षक पीटर क्लार्कही बोलले. तेव्हाच्या अमेरिकेत एका मंचावर हे दोघे असणं ही साधी बाब नव्हती.

एप्रिल १८६१मध्ये युद्ध पेटलं. टर्नर मंडळांतून नववी ओहायो ही पूर्ण जर्मन पलटण उभी राहिली आणि पन्नाशीतला विलिख तिच्यात दाखल झाला. तिची कवायत त्याने अशी घोटून घेतली की शेजारच्या इंडियाना राज्याच्या गव्हर्नरने, ऑलिव्हर मॉर्टनने, त्याला आपली जर्मन पलटण उभारायला बोलावलं. ती बत्तिसावी इंडियाना. हुकूम जर्मनमध्ये, बिगूल प्रशियन पद्धतीचा. कर्नलसाहेब जवानांना ‘नागरिकांनो’ म्हणून हाक मारत आणि संध्याकाळी छावणीत समाजवादावर व्याख्यान देत. एंगेल्सने सांगितलेला कंटाळवाणा तत्त्वज्ञ तो हाच. पण या माणसाने छावणीत भट्ट्या बांधून घेतल्या, जवानांना ताजा पाव मिळावा म्हणून. इतर पलटणी दगडासारखी बिस्किटं फोडत होत्या. पाव मिळतोय म्हटल्यावर व्याख्यान ऐकायला जवानांची हरकत नसावी, असा माझा आपला कयास.

७ एप्रिल १८६२, शायलोची लढाई, दुसरा दिवस. समोरून गोळीबार इतका तिखट की विलिखची रांग डगमगू लागली, जवान भलतीकडेच बार काढू लागले. विलिख त्यांच्या पुढे गेला, शत्रूकडे पाठ करून उभा राहिला आणि भर गोळीबारात त्याने कवायतीचे हुकूम सोडायला सुरुवात केली: बंदूक खांद्यावर, बंदूक खाली, पुन्हा खांद्यावर. जणू मैदानावर परेड चालली आहे. हात ओळखीच्या हालचाली करू लागले की डोकं ठिकाणावर येतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. रांग सावरली, पुढे सरकली. बँड ‘ला मार्सेयेज’ हे फ्रेंच क्रांतिगीत वाजवत होता. त्या जुलैमध्ये तो ब्रिगेडियर जनरल झाला.

वर्षअखेरीला स्टोन्स नदीच्या लढाईत घोडा पडला आणि विलिख पकडला गेला. काही महिने दक्षिणेची राजधानी रिचमंडच्या कुप्रसिद्ध लिबी तुरुंगात काढले. तिथे त्याने काय केलं? एका युक्तीवर विचार केला आणि बरोबरच्या कैदी अधिकाऱ्यांना ती शिकवली. त्या काळची बंदूक नळीच्या तोंडातून भरायची. कसलेला जवान मिनिटाला तीनेक बार काढी, आणि भरताना उभा राही तेवढा वेळ नुसता निशाणा होई. विलिखने माणसं चार रांगांत लावली. पहिली रांग बार काढून जागीच थांबून भरते. तोवर मागची रांग तिच्यातून पुढे जाऊन बार काढते, मग तिसरी, मग चौथी. बार थांबत नाही आणि फौजही थांबत नाही. सुटकेनंतर जून १८६३मध्ये टेनेसीतल्या लिबर्टी गॅपला त्याने हे प्रत्यक्ष करून दाखवलं. युद्धात नाव कमावलेले पुष्कळ होते, पण हाताखालच्या माणसांचा जीव कसा वाचेल याचं गणित तुरुंगात बसून मांडणारे थोडे. मिशनरी रिजच्या चढाईत, नोव्हेंबर १८६३मध्ये, पायथ्याचे खंदक घेऊन थांबायचा हुकूम असताना जी फौज थेट माथ्यावर गेली, तिच्यात त्याची ब्रिगेड आघाडीला होती. मे १८६४मध्ये रेसाकाला गोळी लागून एक हात कायमचा अधू झाला आणि त्याची लढाई तिथे संपली. सैन्यातून बाहेर पडताना मेजर जनरलचा मानद हुद्दा मिळाला.

आणि आता खुर्ची. युद्धानंतर सिनसिनाटीला परतल्यावर तो हॅमिल्टन काउंटीचा ऑडिटर म्हणून निवडून आला. काउंटी म्हणजे ढोबळमानाने जिल्हा. तिथला ऑडिटर नुसते हिशेब तपासत नाही. कोणाची मालमत्ता केवढ्याची, त्यावर कर किती, ही यादी त्याच्या कचेरीत तयार होते. काउंटीचं जमाखर्चाचं दप्तर त्याच्याकडे असतं. आणि त्याच्या सहीचा आदेश असल्याशिवाय खजिनदार तिजोरीतून पैसा देऊ शकत नाही. आपल्याकडे तहसील, कोषागार आणि पालिकेचा कर विभाग यांत वाटलेलं काम तिथे एका माणसाच्या टेबलावर, आणि तो माणूस लोकांनी मत देऊन बसवलेला.

ही जागा विलिखकडे कशी आली ते समजायला फार खोल जायला नको. उत्तरेच्या फौजेत सुमारे २ लाख जर्मन जन्मलेले सैनिक होते. १८६२च्या कायद्याने सन्मानाने निवृत्त झालेल्या परदेशी सैनिकाला एका वर्षाच्या वास्तव्यावर नागरिकत्व मिळू लागलं. म्हणजे पलटण घरी आली ती मतदार होऊन आली. त्यातून जर्मन मतं एकगठ्ठा नव्हती. १८४८चे निर्वासित रिपब्लिकन पक्षाकडे, पण कॅथलिक जर्मन आणि आधीपासून स्थायिक झालेले बरेचसे डेमोक्रॅट. अशा शहरात रिपब्लिकनांना स्थानिक उमेदवारांच्या यादीत असं एक जर्मन नाव हवंच होतं, ज्यावर ओव्हर द ऱ्हाइनमधला विरोधकही नाक मुरडणार नाही. हात अधू झालेला जनरल, पावाची काळजी घेणारा कर्नल, याहून चांगलं नाव कुठून आणणार? त्याच वाटेने फ्रान्झ सीगल हा बाडेनचा आणखी एक बंडखोर न्यूयॉर्कमध्ये रजिस्ट्रारच्या जागेवर निवडून गेला.

मग तत्त्वांना मुरड घातली का? हा प्रश्न विद्यार्थी दरवर्षी विचारतात, आणि मला तो थोडा चुकीच्या जागेवरून विचारलेला वाटतो. प्रशियातला अधिकारी राजाने नेमलेला, राजाला बांधलेला. तो लोकांनी निवडावा, लोकांनी काढावा, हीच १८४८ची मागणी होती. विलिखने बाडेनमध्ये ज्यासाठी बंदूक उचलली, ते सिनसिनाटीत मतपत्रिकेवर होतं. त्याने ते घेतलं. मात्र त्या खुर्चीतून समाजवाद आणता येणार नव्हता, हेही तितकंच खरं. कम्युनिस्ट लीगच्या मार्च १८४८च्या १७ मागण्यांत चढत्या दराच्या जबर कराची मागणी होती. उलट ओहायोच्या १८५१च्या घटनेनुसार मालमत्ता कर सगळ्यांना एकाच दराने. ऑडिटरच्या हातात उरतं ते एवढंच, की बड्या असामींची मालमत्ता यादीतून निसटू नये.

आणि इथेच वायडेमायर येतो. त्याची गोष्ट छोटी आहे आणि मला जास्त चटका लावणारी. जन्म म्युन्स्टरचा, १८१८चा. १८५१मध्ये अमेरिकेत आला. मार्क्सचा लुई बोनापार्टवरचा गाजलेला निबंध पहिल्यांदा छापला तो यानेच, न्यूयॉर्कमध्ये, १८५२ साली. पत्रकारितेत पोट भरेना म्हणून जमीनमोजणी करायचा. युद्धात सेंट लुईसभोवती दहा किल्ले बांधण्याची देखरेख केली, तोफखान्यात लेफ्टनंट कर्नल झाला, शेवटी एकेचाळिसाव्या मिझुरी पलटणीचा कर्नल. १८६५मध्ये सेंट लुईस काउंटीचा ऑडिटर म्हणून निवडून आला आणि जानेवारी १८६६मध्ये कामाला लागल्यावर हात घातला तो युद्धकाळात बुडवलेल्या करांच्या थकबाकीला. चार वर्षं धंदा करून कर न भरणारे कोण असतात, ते सांगायला नको. ऑगस्टमध्ये शहरात पटकी पसरली आणि २० ऑगस्टला तो तिने गेला, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. त्याला पूर्ण मुदत मिळाली असती तर एक मार्क्सवादी करअधिकारी नेमकं काय करू शकतो याचं चांगलं उदाहरण आपल्याकडे असतं.

विलिखने मुदत संपवली आणि १८७०मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, जर्मनीला गेला. फ्रान्सशी युद्ध सुरू झालं होतं. याने चक्क प्रशियाच्या राजाला आपली सेवा देऊ केली. हा राजा कोण, तर १८४९मध्ये राजपुत्र असताना ज्याच्या सैन्याने विलिखची बाडेनमधली फौज चिरडली तो विल्हेल्म. नकार आला, वय आड आलं आणि मतंही आड आली. इथे मात्र मी त्याची बाजू घेऊ शकत नाही. हा देशाभिमान होता की गणवेशाची जुनी ओढ, काही असो, सिनसिनाटीच्या सभेतला माणूस इथे ओळखू येत नाही. मग बर्लिनच्या विद्यापीठात तत्त्वज्ञानाची व्याख्यानं ऐकत तो काही काळ राहिला आणि अमेरिकेला परतला. अखेरची वर्षं ओहायोतल्या सेंट मेरीज या लहान गावी, एका जुन्या लष्करी मित्राच्या आसऱ्याने गेली. लग्न केलं नव्हतं. २२ जानेवारी १८७८ला तिथेच वारला.

राहिला मार्क्स. लीगवरच्या कोलोन खटल्याबद्दलची आपली जुनी पुस्तिका १८७५मध्ये पुन्हा छापायला घेतली तेव्हा त्याने तिला नवं टिपण जोडलं. जुन्या मजकुरात विलिखवर ओढलेले कोरडे तसेच ठेवले, पण टिपणात कबूल केलं की हवेत मनोरे बांधण्यापलीकडेही आपण काही आहोत, हे या माणसाने अमेरिकेच्या यादवी युद्धात सिद्ध केलं. ऑडिटरच्या खुर्चीबद्दल त्यात अवाक्षर नाही.